डोंगरातली बिऱ्हाडे

खाणीतून माणूस दगड नेतो आणि खड्डा टाकून देतो. नाशिकच्या नैर्ऋत्येला, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी उलटे घडले. दगड फेकून दिला आणि खड्डे ठेवले! त्या खड्ड्यांतून मग एकामागून एक बिऱ्हाडे आली. अशी 24 लेणी. आम्ही त्यांना पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा इथे काडीचा संबंध नाही, पण आमच्या आत्याला ते कधीच पटले नाही. "अरे, एवढी दालनं भीमावाचून कोणाला लागणार?" असे ती विचारी.

गेल्या महिन्यात चिरंजीवांना घेऊन डोंगर चढलो. वर जाईपर्यंत दम लागला, हे सौभाग्यवतींपासून लपवून ठेवले आहे.

पहिले बिऱ्हाड बौद्ध भिक्षूंचे. पावसाळ्यात राहण्याची सोय म्हणून ही घरे दिलेली. आणि नुसती घरे नव्हेत, वर खर्चाची तरतूदही. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे 1000 शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, खर्च फक्त व्याजाचा. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी 12. चिरंजीवांनी तिथेच हिशेब केला : वर्षाचे व्याज 240 आणि वीस बारे 240. "बाबा, बरोब्बर जुळतं!" शाळेतल्या गणितावर त्याचा इतका विश्वास मी प्रथमच पाहिला.

सगळ्याच देणग्या अशा जुळल्या नाहीत. तिसऱ्या लेण्यातला लेख सांगतो की, गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना दिलेले शेत कोणी कसेना, कारण ते गावच ओस होते. तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरची 100 निवर्तने जमीन देण्याचा हुकूम निघाला. सरकारदरबारी खेटे घातलेल्या वाचकांना हा लेख समजावून सांगायला नको.

पुढे गरजा बदलल्या. विसावे लेणे बोपकी नावाच्या एका साधूने सुरू केले. ते अपुरे राहिले, आणि महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी पुरे केले. काही शतकांनी तिथे बुद्धमूर्ती हवी झाली. आपल्या घरी खोली वाढवायची तर भिंत बांधतात. इथे कापावी लागते. मागची भिंत खोल नेली आणि आत मूर्ती बसली. अकराव्या लेण्यात जैन आले. लेखनिक शिवमित्राचा मुलगा रामणक याने दिलेल्या त्या खोलीत ऋषभनाथ आहेत. दहाव्यात तर मागच्या भिंतीवरचा स्तूपच कोरून कोणी भैरव केला. त्याच्या डोक्यावर स्तूपाची छत्री अजून ओळखू येते. ती दिसली तेव्हा मला उगीच कसेसे झाले. विटांच्या घरात पूर्वीच्या भाडेकरूचा खिळा राहतो, तो उपटून भोक बुजवता येते. इथे कापलेले परत येत नाही.

एवढे कळल्यावर मी गप्प झालो. चिरंजीवांनी कारण विचारले, तेव्हा सांगणे भाग पडले. सातवीत असताना शाळेच्या सहलीत मी कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने एका खोलीच्या कोपऱ्यात माझे नाव कोरले होते. गुरुजींच्या नजरेतून सुटलो, म्हणून घरी येऊन पराक्रमही सांगितला होता.

"कुठे आहे?" त्याने विचारले.

आम्ही दोघांनी तीन-चार खोल्यांचे कोपरे मोबाईलच्या उजेडात चाचपले. शेकडो नावे होती : बदाम, बाण, कोण्या एका तुकडीचे नाव. माझे सापडले नाही. चिरंजीव हिरमुसले. मला मात्र सुटल्यासारखे वाटायला हवे होते, ते वाटले नाही. नाव तिथेच कुठेतरी आहे, फक्त आता इतरांच्या खाली.

उतरताना त्याने विचारले, "बाबा, आत्याआजीला तुम्ही हे सांगितलं होतं का?"

"नाही," म्हणालो. "तिला भीमाचंच सांगितलं."