रिकाम्या डब्याचा आग्रह सोडा

बालवाडीतल्या मुलाचा डबा चांगला होता की नाही, हे तो रिकामा परत आला का यावरून ठरवायची सवय आपल्याला लागली आहे. घरी पहिला प्रश्न तोच असतो आणि शाळेतही डबा संपवणाऱ्यालाच शाबासकी मिळते. याचा परिणाम उघड आहे. खाण्याच्या बाबतीत चिकित्सक असलेल्या मुलाचे पालक हमखास संपणाऱ्या पदार्थांकडे वळतात: जॅम-पोळी, बिस्किटं, वेफर्स, झटपट नूडल्स. डबा संपतो, पण मुलाची जीभ आहे तिथेच राहते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या डब्याचं काम पोटाला आधार देणं आणि नव्या चवींशी ओळख करून देणं, असं दुहेरी आहे. रिकाम्या डब्याचा हट्ट यातल्या दुसऱ्या कामाच्या आड येतो.

या वयातलं ‘नको’ हे बहुतेक वेळा हट्टातून येत नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. बालवाडीच्या वयात ते वर्षाला दोनेक किलोच वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही कमी होते. त्यातच दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी पदार्थाची धास्ती सर्वाधिक असते. अमेरिकेतल्या संशोधक लीॲन बर्च यांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून दिसलं की एखादी चव पुन्हा पुन्हा, कधी दहा-पंधरा वेळा, समोर आली की मूल ती हळूहळू स्वीकारतं. याउलट २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना सूप संपवायचा आग्रह केला गेला, तेव्हा ती सूप कमी प्यायली आणि त्याला नावंही जास्त ठेवली. ‘एवढा एकच घास’ हे आपलं प्रेमाचं वाक्यही मुलाच्या कानांना दडपणच वाटू शकतं.

मग डबा कसा असावा? बराचसा ओळखीचा आणि थोडासा नवा. दुधी किसून घातलेली, मुलाच्या तळहाताएवढी दोन थालीपिठं, सोबत दाण्याच्या कुटात कालवलेलं घट्ट दही, आणि एका कोपऱ्यात चमचाभर मटकीची मऊ उसळ, वर लिंबू पिळून. उसळ आज तशीच परत आली, तर आठवड्याने पुन्हा चमचाभरच द्यावी, काही न बोलता. लिंबाचाही उपयोग आहे. शाकाहारातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं आणि क जीवनसत्त्वाने ते शोषण वाढतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण देशात ६७ टक्के, तर महाराष्ट्रात जवळपास ६९ टक्के आढळलं. याला कारणं अनेक आहेत; पण डाळी, कडधान्यं आणि पालेभाज्यांची गोडी लवकर लागणं किती गरजेचं आहे, हे या आकड्यांवरून कळतं. मुगाचं धिरडं, नाचणीचं घावन, मेथीचे छोटे ठेपले असे पदार्थ आपल्या स्वयंपाकात आहेतच.

यावर पहिला आक्षेप येतो तो उपासमारीचा: मूल उपाशी राहिलं तर? डब्यात ओळखीचा पदार्थ असल्यावर ते सहसा उपाशी राहत नाही, आणि बालवाडी काही तासांचीच असते. घरी आल्यावर वेळेवर जेवण आहेच. मात्र वजन वाढत नसेल, मूल सतत थकलेलं असेल किंवा मोजक्या दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दुसरा आक्षेप अन्न वाया जाण्याचा. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात तो रास्तच आहे. म्हणून तर नवा पदार्थ चमचाभरच द्यायचा. तिसरा आक्षेप वेळेचा. सकाळी घाईने कामावर निघणाऱ्या आई-वडिलांकडून रोज वेगळ्या पदार्थाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण यासाठी स्वतंत्र स्वयंपाक लागत नाही. घरात सगळ्यांसाठी जी भाजी होते, तिचाच एक चमचा कमी तिखट करून डब्यात जाऊ शकतो. आणि हे काम एकट्या आईचं समजणंही आता थांबायला हवं.

यात शाळांचा वाटा मोठा आहे. कुठल्या वारी कोणता पदार्थ आणायचा हे ठरवणाऱ्या शाळांनी डबा संपवण्याची सक्ती आणि त्यावरची बक्षिसं बंद करावीत. मुलांना एकत्र बसवावं, पुरेसा वेळ द्यावा, ताईंनी त्यांच्यासोबत बसून स्वतःचा डबा खावा. काय आणि कधी द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे मुलावर सोडावं. परत आलेल्या चमचाभर उसळीबद्दल मुलाला जाब विचारला नाही, तर पुढच्या वेळी ती चाखून पाहण्याची शक्यता शिल्लक राहते.