ओघवती शैली लेखकाच्या काय कामाची?

मराठी पुस्तकांच्या प्रस्तावना आणि परीक्षणं वाचत गेलं, तर आपल्याकडचा जवळपास प्रत्येक लेखक ‘ओघवत्या शैलीत’ लिहितो असं वाटेल. नदीचं हे चित्र दिसायला सुरेख असलं तरी लेखकाच्या ते फारसं कामाचं नाही, कारण कुठलं वाक्य खोडायचं हे त्यावरून कळत नाही. आपल्या शैलीसाठी एखादं चित्र शोधायचंच, तर आपण काय लिहायचं नाही हे सांगणारं शोधावं. जेन ऑस्टिननं डिसेंबर १८१६ मध्ये कादंबरी लिहू पाहणाऱ्या भाच्याला पत्र पाठवलं. त्याची काही प्रकरणं हरवली होती. ती आपण चोरली असती तरी उपयोग काय, असं ती विचारते; दोन इंची हस्तिदंताच्या तुकड्यावर बारीक कुंचल्यानं काम करणारी बाई त्याची ती जोरकस चित्रं कुठे बसवणार? आता, थट्टेतलं वाक्य शैलीचा जाहीरनामा म्हणून वाचू नये, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रिन्स रीजंटच्या ग्रंथपालाची, सॅक्स-कोबर्ग घराण्यावर ऐतिहासिक रोमान्स लिहिण्याची सूचना तिनं हसत हसत पण साफ नाकारली होती. हस्तिदंताचा तुकडा पत्रात उतरला तो नंतर. त्याच्या कडा तिनं आधीच आखल्या होत्या.

हेमिंग्वेचा हिमनग याहून प्रसिद्ध, आणि म्हणूनच त्याचे हालही जास्त झाले. १९३२ च्या ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये त्यानं आठातला एकच भाग पाण्यावर ठेवला. अनुकरण करणाऱ्यांनी त्यातून आखूड वाक्यं तेवढी उचलली. मूळ अट मात्र वाक्याच्या लांबीची नव्हतीच. लेखकाला पक्कं ठाऊक असलेलं गाळलं तर ते वाचकाला जाणवतं. ठाऊकच नाही म्हणून गाळलं तर लेखनात पोकळी राहते, असं त्याचं म्हणणं. ही अट आखूड वाक्यांपेक्षा कितीतरी कठीण आहे.

थट्टेच्या आक्षेपाहून वजनदार आक्षेप असा, की लेखक स्वतःला नीट पाहूच शकत नाही. ऑर्वेलनं १९४६ च्या ‘व्हाय आय राइट’ या निबंधात चांगल्या गद्याला खिडकीच्या काचेची उपमा दिली, आणि त्याच्या स्वतःच्या गद्यात तर त्याचा राग, हट्ट, आवडीनिवडी पानोपानी दिसतात. म्हणजे स्वतःच्या शैलीचं वर्णन म्हणून ती काच चुकीचीच. पण ऑर्वेल तिचा वापर वर्णनासाठी करत नाही. काचेची उपमा देऊन झाल्याबरोबर तो स्वतःच्या पुस्तकांकडे वळतो आणि राजकीय हेतू नव्हता तिथे आपलं लेखन निर्जीव नि नटवं झालं, असं नोंदवतो. ‘अ क्लर्जिमन्स डॉटर’ (१९३५) आणि ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ (१९३६) या आपल्या दोन कादंबऱ्या पुन्हा छापायला त्याची तयारी नव्हती.