उभ्याने काम, पायांच्या शिरा आणि खुर्चीचा हक्क

मॉलमध्ये तासभर फिरलो तरी आपले पाय भरून येतात. काउंटरमागची विक्रेती मात्र सकाळपासून उभीच असते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांमधील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. ओव्हरटाइम आणि गुंतवणुकीच्या हिशेबात आणखी एक प्रश्न विचारायला हवा: हा वाढीव तास उभ्यानेच काढावा लागला, तर पायांचे काय?

पायाच्या त्वचेखाली दोन मुख्य शिरा असतात. मोठी शीर घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते, तर लहान शीर बाहेरच्या बाजूने पोटरीवरून गुडघ्यामागे पोहोचते. त्यांतल्या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात आणि घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत उतरतो. एका जागी उभे राहिले की तो ८० ते ९० वर जातो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त उलटे खाली येते, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. याच व्हेरिकोज व्हेन्स.

आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण आणि लठ्ठपणा ही कारणेही आहेतच. पण कामाचा वाटा लहान नाही. डेन्मार्कमध्ये नोकरदारांची १२ वर्षे पाहणी करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कामाच्या वयातील लोकांना या विकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या दर पाचपैकी किमान एका घटनेचा संबंध दीर्घकाळ उभ्याने काम करण्याशी जोडता येतो.

‘पाय दिसायला वाईट, एवढेच ना?’ असे म्हणून अनेकजण दुखणे अंगावर काढतात. मग सूज, खाज, घोट्याभोवती काळवंडलेली त्वचा आणि शेवटी महिनोन्‌महिने न भरणारी जखम, असा प्रवास होऊ शकतो. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टी बांधण्याबरोबरच शिरेवर लवकर उपचार केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली. उपचार लांबवलेल्यांना ८२ दिवस लागले. आज लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने खराब शीर आतून बंद करता येते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मात्र तो पुन्हा त्याच काउंटरमागे दहा तास उभा राहणार असेल, तर उरलेल्या शिरांवरचा भार तसाच राहतो.

उभ्याने काम करणाऱ्या कारखान्यातील कामगारांसाठी बसण्याची सोय १९४८ च्या कारखाने कायद्यातच सांगितली होती. दुकानातल्या कामगारांना त्यासाठी लढावे लागले. कोझिकोडच्या कापड दुकानांतील महिलांच्या आंदोलनानंतर केरळने २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला; तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. कामाचा तास वाढवताना महाराष्ट्रानेही खुर्चीचा विचार त्याच गांभीर्याने करायला हवा. ग्राहक नसताना बसलेली विक्रेती आळशी नसते, हे मालकांइतकेच आपण ग्राहकांनीही समजून घ्यायला हवे.

अर्थात दिवसभर बसून राहणे हा उपाय नव्हे. मध्येच चार पावले चालणे, टाचा वर-खाली करणे, घरी पाय उशीवर उंच ठेवणे उपयोगी पडते. संध्याकाळी रोज सूज येत असेल किंवा घोट्याजवळची त्वचा काळी पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवून कलर डॉपलर तपासणी करावी. दाब देणारे मोजे त्यांच्या सल्ल्यानेच वापरावेत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते.