एका पायाची सूज चोळू नका

कोरोना म्हटलं की आपल्याला ताप, खोकला आणि ऑक्सिजनसाठीची धावपळ आठवते. पण २०२० आणि २०२१ मध्ये अनेकांचा घात केला तो रक्ताच्या गुठळ्यांनी. दाखल केलेल्या रुग्णाच्या पोटावर रोज इंजेक्शन द्यायचे. आजार छातीचा आणि सुई पोटाला का, हे कितीतरी घरांत कुणी समजावून सांगितलंच नाही. ते इंजेक्शन रक्त गोठू नये म्हणून असायचं.

हा विषाणू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज आणतो. त्यात माणूस आठवडाभर अंथरुणात. मग पायाच्या शिरेत गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतू शकतं. स्वीडनमधल्या दहा लाखांहून जास्त कोरोनाबाधितांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. पायातल्या गुठळीचा धोका तीन महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने वाढलेला दिसला. ज्यांना दवाखान्यात जावंही लागलं नाही, त्यांनाही तो थोडाफार होताच. म्हणजे २०२१ च्या दुखण्याची धास्ती आज घ्यायला नको. पण कोरोना अजून गेलेला नाही, म्हणून हे माहीत हवं.

आणि मैत्रिणींनो, आपल्याला तर कोरोनाशिवायही हा धोका असतो. गरोदरपण, बाळंतपणानंतरचे दीड महिने, मोठं ऑपरेशन, काही गर्भनिरोधक गोळ्या. सणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून परस्पर आणायची सवयही सोडायला हवी. (देवाला चालतं की नाही हा वाद नंतर घालू.)

आपल्याकडे पाय सुजला की तेल लावून चोळायचं आणि पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं. एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी, गरम, लालसर असेल तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायाच्या सोनोग्राफीत गुठळी दिसते आणि तिच्यावर औषध आहे. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर 'हे घरी आले की जाऊ' म्हणू नका, लगेच १०८ ला फोन करा.

डॉक्टरांना आपणहून सांगा: कोरोना कधी झाला, बाळंतपण कधी झालं, गोळ्या कुठल्या चालू आहेत. सोबत सासूबाई असल्या तरी सांगा.