कापडी फुलांत मजुरी सुटेल काय?

धान निघाले, चुरणे आटोपले, की ब्रह्मपुरीकडे पुष्कळ बायांच्या हाताला काम राहत नाही. बचत गटाने जुन्या लुगड्याचे काठ, लेसा अन् गुंड्यांची फुले करावीत, असा सल्ला मग हमखास मिळतो. जुलै २०२५ मध्ये फलोत्पादन मंत्र्यांनी विधानसभेत प्लास्टिक फुलांवर बंदी आणू म्हणून सांगितले. मागणी मूळची फूल उत्पादक शेतकऱ्यांची, हे विसरू नका.

पण आधी हिशेब करा. पट्टीला चुण्या घालायच्या, दोरा ओढून गोल करायचे, मधात गुंडी टाकायची. फुलाला अर्धा तास धरला तर आठ तासांत सोळा फुले. २०२५-२६ मध्ये रोहयोची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे नुसत्या मेहनतीचेच फुलामागे साडेएकोणीस रुपये! या भावाने हार कोण घेईल? पर्स, तोरण, केसांची पिन यांनाच हे फूल परवडेल.

दुसरी गोम अशी, की साटीनची फीत न् नायलॉनची लेस हेही प्लास्टिकचेच धागे. सुती काठच निवडा. सोबत कोसा घ्या. वैनगंगेपलीकडे आरमोरी भागात ढिवर समाज ऐन-अर्जुनाच्या झाडांवर तो पिकवतो. पाखरू निघून गेलेल्या कोशाचा सलग धागा निघत नाही, पण कात्रीने कापला की पाकळ्या तयार.

सरपंच-सचिवांनो, सत्काराला शहरातून बुके आणता ना? पुढच्या सभेत तेवढा एक विषय घ्या.