पडद्यापूर्वीचा निकाल

ऐतिहासिक चित्रपट हल्ली पडद्यावर येण्याआधीच लोकांच्या न्यायासनापुढे उभा राहतो. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. परंतु जानेवारीतच त्याच्या झलकेत संभाजीमहाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप निघाले आणि दिग्दर्शकांनी ते दृश्य वगळले. २०१७ साली ‘पद्मावती’वरही असाच गदारोळ उठला, अखेर २५ जानेवारी २०१८ रोजी तो ‘पद्मावत’ या नावाने लोकांपुढे आला.

दोष केवळ आक्षेपकांचा नव्हे. पहिल्याचा आधार शिवाजी सावंत यांची कादंबरी, दुसऱ्याचा जायसीचे सोळाव्या शतकातील काव्य. इतिहासाच्या नावाने अभिमान चेतवून तिकिटे खपवावयाची आणि त्या अभिमानाने जाब विचारताच कलाकृतीच्या स्वातंत्र्याचा आश्रय घ्यावयाचा, हा व्यवहार सरळ नव्हे. निर्मात्यांनी पहिल्या जाहिरातीतच कथेचा आधार ठळकपणे सांगावा, असे आम्हांस वाटते. प्रेक्षकांनीही चार क्षणांच्या झलकेवरून संपूर्ण कृतीचा निवाडा करू नये. इतिहासाविषयीचा अभिमान खरा असेल, तर चित्रपट पाहून होईपर्यंत धीर धरण्याइतके बळ त्यात खचित असले पाहिजे.