कट-ऑफ बघा, पण संध्याकाळचं कॉलेजही बघा



सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की घराघरात एकच चर्चा सुरू होते. कॅप राउंडला पहिला पसंतीक्रम कोणत्या कॉलेजला द्यायचा? मग गेल्या वर्षीचा कट-ऑफ, फी, प्लेसमेंटचे आकडे, सगळं विचारलं जातं. विचारलंच पाहिजे. पण हा अर्धाच प्रश्न झाला. तास संपल्यावर, संध्याकाळी पाचपासून रात्री झोपेपर्यंत, आपलं लेकरू तिथं कोणाच्या सोबत असणार? हे फारसं कोणी विचारत नाही.

आपल्या विष्णुपुरीचंच उदाहरण घ्या. नांदेड शहराबाहेर गोदावरीच्या काठावर हा परिसर आहे. १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय इथंच. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथंच. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथंच. किनवट, देगलूर, मुखेड, अहमदपूर अशा तालुक्यांतून पोरं-पोरी येतात. कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजला जाणारे. त्यांना पहिल्या सेमिस्टरला धीर द्यायला घरचं कोणी नसतं.

त्यातून आपल्याकडची अकरावी-बारावी कशी जाते, ते तुम्ही जाणताच. नांदेड असो की लातूर. ट्यूशन, अभ्यासिका, मेस आणि पुन्हा अभ्यासिका. मित्र म्हणजे वेळेचा नाश, असं आपणच त्यांना शिकवलेलं. दोन वर्षं हे चालून जातं. पण पुढची चार वर्षं असं नाही चालत. एम-वनमध्ये विषय राहिला, की असं पोरगं कोणालाच सांगत नाही. खोलीत बसून राहतं. "अरे, माझाही राहिला होता, ये, मी सांगतो," असं म्हणणारा एखादा सीनियर लागतो, आणि तो भेटतो मंडळात, मैदानावर, एनएसएसच्या शिबिरात. म्हणून मी म्हणतो, चांगला सोबतीगट ही चैन नाही. अभ्यास टिकवण्याचीच ती सोय आहे.

अर्थात, गट म्हटला की तो चांगलाच असतो, असंही नाही. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना तिथं फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी हे शब्द ऐकू येतात. लॅटिनमधल्या भाऊ आणि बहीण या शब्दांवरून आलेली ही नावं. १७७६ साली व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' हे असं पहिलं मंडळ निघालं, तेही वादविवाद आणि साहित्यचर्चेसाठी. आज अशा अनेक मंडळांची स्वतःची घरं असतात, एकमेकांना नोकरी लावण्यापर्यंत मदत होते, समाजकार्यही होतं. पण आत कोणाला घ्यायचं हे जुने सभासद ठरवतात, आणि नव्याची 'परीक्षा' कधीकधी जिवावर बेतते. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात १९ वर्षांचा एक मुलगा अशा प्रकारात गेला. पुढच्याच वर्षी त्या राज्याला कायदा कडक करावा लागला.

आपण तरी कुठं वेगळे आहोत? आपल्याकडं ग्रीक अक्षरं नाहीत, पण गाववाल्यांचा गट, जातीचा गट, अमक्या भाऊंचा गट असतोच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यूजीसीचे नियम २००९ चे आहेत. कायदा आला म्हणजे प्रश्न संपला, असं मात्र समजू नका.

चांगल्या गटाचं उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी आली. औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, तेव्हा त्यांना कॉलेज सोडावं लागलं. पण त्यांनी शिक्षण सोडलं नाही. पुष्कळ जणांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. एकेकटा मुलगा कदाचित घरी परतला असता. सोबत होती म्हणून शिक्षण टिकलं आणि स्वाभिमानही टिकला.

मग निवडायचं कसं? माझी कसोटी साधी आहे. गटाचं दार आत यायला सगळ्यांना उघडं हवं, आणि बाहेर पडायला भीती नको. फॉर्म भरण्याआधी एकदा संध्याकाळी कॉलेजात जा आणि हे विचारा:

१. एनएसएस नुसतं कागदावर आहे की चालतं? वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, असा नियम आहे. मागचं शिबिर कोणत्या गावात झालं, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.

२. युवक महोत्सवाला, नाटकाला, रोबोटिक्सच्या संघाला निवड कशी होते? चाचणी घेऊन की ओळखीनं?

३. मुलींना त्यात किती जागा मिळते? सरावाला उशीर झाला तर हॉस्टेलपर्यंत पोचवायची सोय काय?

४. पहिल्या वर्षाच्या मुलांची हॉस्टेलमध्ये वेगळी सोय आहे का? वॉर्डन रात्री तिथं राहतात का?

५. नाटकात किंवा मैदानावर असणाऱ्या मुलांचे विषय राहतात का? राहिले तर कोण लक्ष देतं?

कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकचा अहवाल असतो. त्यातला 'विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती' हा पाचवा निकष वाचा. मात्र त्यावरच विसंबू नका. कॅन्टीनमधल्या चार पोरांशी अर्धा तास बोललात, तर जास्त कळेल.

शिक्षक मित्रांनो, आपलीही जबाबदारी आहे. निरोप समारंभात "आता फक्त अभ्यास करा" एवढंच सांगून पोरांना पाठवू नका. "अभ्यास करा, आणि एका तरी चांगल्या मंडळात जा," असं सांगा.

दोन कॉलेजांच्या कट-ऑफमध्ये अर्ध्या-एक पर्सेंटाइलचा फरक असेल, तर ज्याची संध्याकाळ चांगली ते कॉलेज वर टाका. पदवी दोन्हीकडं मिळेल. अडचणीत हाक मारावी अशी माणसं कुठं मिळतील, ते आधी बघून घ्या.